डबड्यात पैसे घालावेत का?

सात वर्षांचा लॅपटॉप, चालू व्हायला पाच मिनिटं, आणि दुकानदार म्हणतो नवीनच घ्या. तो म्हणणारच, त्याला विकायचाय. आत जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर आधी ती काढून एसएसडी टाका, म्हणजे आत काहीही न फिरणारी, चिपवाली वेगवान डिस्क. रॅमचं, म्हणजे काम चालू असताना लागणाऱ्या मेमरीचं, नंतर बघू.

इतकं ठासून सांगतेय कारण 2019 साली याच प्रश्नावरून आमच्या घरात दोन दिवस अबोला होता. मी डोंबिवलीत घरून चार-पाच दुकानांचे हिशेब बघते. लॅपटॉप 2015 चा, इंटेलचा पाचव्या पिढीचा आय5 प्रोसेसर, रॅम 4 जीबी. टॅलीवर, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर, क्लिक करून कुकर लावायचा आणि तीन शिट्ट्या झाल्या की परत येऊन बघायचं. 20 तारखेच्या आत जीएसटीचा 3बी रिटर्न भरायचा, आणि 19 ला हे कार्टं अपडेट घेत बसलेलं! भाऊजी म्हणाले, "वहिनी, या डबड्यात एक पैसा घालू नका. नवीन घ्या, मी ईएमआयवर करून देतो." करून देतो म्हणजे कार्ड त्यांचं, हप्ते माझे.

मी दादरला गाडी बदलून ग्रँट रोड गाठलं. तिथल्या लॅमिंग्टन रोडवर, कॉम्प्युटरच्या बाजारात, एका पोराने साधी डीडीआर3 जातीची रॅम पुढे केली. "सेम आहे मॅडम." सेम नाही. माझ्या मशीनला 1.35 व्होल्टची लागते, साधी 1.5 ची असते. लेबलवर पीसी3एल, म्हणजे कमी व्होल्टची खूण, वाचल्याशिवाय मी पैसे काढले नाहीत. एवढी हुशारी केली आणि कॅडीत, म्हणजे डिस्क बसवायच्या चौकटीत, फसले. डीव्हीडी ड्राइव्हच्या जागी जुनी डिस्क बसवायची होती; कॅडी आणली 12.7 मिलिमीटरची, ड्राइव्ह निघाला 9.5 चा. डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडा, स्क्रू इडलीच्या साच्यात ओळीने मांडलेले, आणि मागे भाऊजी: "सांगितलं होतं मी." कॅडीसाठी परत ग्रँट रोड. एसएसडी मात्र त्याच रात्री चालू झाली, वीस सेकंदांत डेस्कटॉप. भाऊजी चहा पिऊन गेले, शब्द नाही. खर्च सगळा मिळून सात हजारांच्या आत.

त्याच महिन्यात त्यांनी स्वतःला एक पातळसा घेतला. रॅम 4 जीबी, बोर्डालाच सोल्डर केलेली, नवीन पट्टी बसवायला वेगळा स्लॉट नाही. मागच्या दिवाळीत विचारत होते, तुमच्या ग्रँट रोडवाल्याकडे वाढवून मिळेल का. नाही मिळत, भाऊजी.

तेव्हा रॅम आणण्याआधी मॉडेल नंबर टाकून स्लॉट आहे का ते बघा. एसएसडी आधीपासूनच असेल तर माझं अर्धं उत्तर तुमच्या कामाचं नाही. बॅटरी फुगली असेल तर वापरणं आजच थांबवा. आणि हो, हे वर सांगायला हवं होतं: विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 ला इंटेल प्रोसेसरची साधारण आठवी पिढी तरी लागते. तुमचा प्रोसेसर आय5-8250यू किंवा पुढचा असेल तर जमेल.

माझा त्यात बसला नाही. त्याच्यावर विंडोजऐवजी फुकटची लिनक्स मिंट टाकून तो लेकीला दिला, आणि टॅलीसाठी मला नवीन घ्यावा लागला. भाऊजी लगेच म्हणाले, "शेवटी घेतलातच ना!" घेतला, सहा वर्षांनी. आणि रॅमचे दोन स्लॉट असलेला बघून घेतला. जाड आहे, वीट वाटते हातात.