निवृत्तांचा कट्टा : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

महापालिका, बेस्ट आणि इतर स्थानिक संस्थांतून निवृत्त झालेल्यांच्या गटांविषयी, मंडळांविषयी आलेली पत्रं यावेळी घेतली आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : विभाग कार्यालयातले आम्ही चौदा जण ३१ मे रोजी एकदमच निवृत्त झालो. दर महिन्याला भेटायचं ठरलं. पहिल्या भेटीला बारा आले, तिसऱ्या भेटीला चार. कोणी अंबरनाथला राहतं, कोणी नालासोपाऱ्याला, दोघे पनवेलला. हे टिकवायचं कसं?
— निवृत्त लिपिक, भांडुप

उत्तर : १ जून ही जन्मतारीख लागलेली आपल्याकडे एक अख्खी पिढी आहे, म्हणून ३१ मेला गटच्या गट बाहेर पडतात. एकाच दिवशी मोकळे झालेले चौदा जण हे मोठं भांडवल आहे, ते वाया जाऊ देऊ नका. तिसऱ्या भेटीला गळती लागणं नेहमीचंच. दर वेळी नव्याने तारीख ठरवायला गेलं की एकाला लग्न, दुसऱ्याला दवाखाना, आणि फोनाफोनीतच महिना सरतो. तेव्हा वार, वेळ आणि जागा वर्षभरासाठी एकदाच ठरवून टाका.

आमचा सल्ला दुसऱ्या बुधवारचा. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पेन्शन, बँक, विजेचं बिल, औषधं यांची धावपळ असते. रविवारी मेगाब्लॉक, आणि मुलं-नातवंडं घरी. दादर-प्रभादेवीच्या बाजूला मंगळवारी सिद्धिविनायकाची गर्दी. गुरुवारी निम्म्यांचा उपास, म्हणजे खाण्याचे दोन प्रकार करावे लागतात. बुधवार त्यातल्या त्यात मोकळा.

जागा दादरच्या आसपासच बघा. मध्य आणि पश्चिम रेल्वे तिथे एकत्र येतात, पनवेलवाल्यांना कुर्ल्याला गाडी बदलली की झालं. वेळ साडेअकरा ते दीड. सकाळची गर्दी तोवर ओसरलेली असते आणि संध्याकाळची सुरू होण्याआधी सगळे घरी पोचतात. हॉल फुकट मिळतोय म्हणून दुसऱ्या मजल्यावरचा घेऊ नका. तळमजला किंवा चालू लिफ्ट, जवळ स्वच्छतागृह आणि पिण्याचं पाणी, या तीन गोष्टी आधी जाऊन स्वतः बघून या. गुडघे दुखणारा माणूस जिन्याची तक्रार करत बसत नाही, तो यायचं बंद करतो.

भेट कोणाच्या घरी फिरती ठेवण्याचा मोह टाळा. त्यात घरच्या बाईवर बारा-पंधरा जणांच्या नाश्त्याचं ओझं पडतं, आणि ज्याची खोली लहान आहे तो आपली पाळी आली की गप्प होतो. माणशी ५० रुपये काढा, चहा आणि एक खाणं बाहेरून मागवा. आज हा पाजतो, उद्या तो, असं सुरू झालं की ज्याची पेन्शन तुटपुंजी आहे तो मागे सरतो.

दोन दिवस आधी आठवणीचे फोन करायचे. एकानेच सगळे फोन न करता चौघांनी दोन-तीन वाटून घ्यायचे. नुसता मेसेज पुरत नाही. सलग दोनदा न आलेल्याच्या घरी तिघा-चौघांनी न जाता दोघांनीच जावं, म्हणजे घरच्यांना अवघड होत नाही. आजारपण, पैशाची अडचण किंवा ऐकू कमी येणं, ही कारणं फोनवर कोणी सांगत नाही, घरी गेल्यावर कळतात.

प्रश्न : मी घनकचरा खात्यातला निवृत्त मुकादम. आमच्या मंडळात साहेब मंडळी पुढच्या रांगेत बसतात, भाषणंही तेच करतात. आम्ही टाळ्या वाजवायच्या आणि खुर्च्या उचलायच्या. जावं की न जावं?
— वाचक, कुर्ला

उत्तर : जावं, आणि हे बदलावं. तुमचं म्हणणं रास्त आहे. हा दोष बऱ्याच मंडळांत आहे आणि मंडळं बंद पडण्याचं तेच एक मोठं कारण आहे, असं आमचं मत आहे. हजेरीपुस्तक बंद झालं त्या दिवशी पदही संपलं, हे काहींच्या लक्षात यायला वेळ लागतो.

बैठकीत पुढील सूचना मांडा. खुर्च्या रांगेत न मांडता गोलात मांडायच्या, मग पुढची रांगच उरत नाही. व्यासपीठ नको, हार-तुरे नकोत. ओळख करून देताना नाव आणि राहण्याचं ठिकाण एवढंच सांगायचं, पदनाम नाही. सूत्रसंचालन दर महिन्याला आडनावाच्या आद्याक्षराप्रमाणे फिरतं ठेवायचं. खुर्च्या मांडण्या-उचलण्याची पाळीही त्याच यादीने. बोलायची वेळ प्रत्येकी पाच मिनिटं, आणि घड्याळ धरायला जो सगळ्यांत कनिष्ठ पदावरून निवृत्त झाला असेल तो.

सूचना फक्त व्हॉट्सअॅपवर जात असतील तर तिथेही माणसं तुटतात. साधा फोन असलेल्यांची वेगळी यादी करून त्यांना फोनच गेला पाहिजे.

कामं वाटताना ज्याला जे येतं ते त्याच्याकडे जाऊ दे. चौकीवर रोज पहाटे माणसं मोजून कामाला लावणाऱ्या मुकादमाइतकी सहलीची व्यवस्था कोणालाही जमणार नाही. ती जबाबदारी मागून घ्या.

प्रश्न : आम्ही पस्तीस जण जमतो. संस्था नोंदवावी का? पैसे सध्या एका सभासदाच्या खात्यात आहेत.
— वाचक, चेंबूर

उत्तर : नोंदणीचं नंतर बघू, आधी पैसे त्या खात्यातून काढा. माणूस कितीही सज्जन असला तरी उद्या त्याचं काही बरंवाईट झालं तर ती रक्कम त्याच्या वारसांची ठरते आणि मंडळाला मागायला कागद नसतो. शिवाय ते व्याज त्याच्या उत्पन्नात धरलं जातं.

नुसतं भेटणं, चहा आणि वर्षाला एक सहल एवढंच असेल तर नोंदणीची गरज नाही. खर्चापुरती वर्गणी त्या-त्या वेळी काढा, वहीत लिहा, शिल्लक शून्यावर आणा. देणग्या घ्यायच्या असतील, हॉल वर्षभरासाठी लेखी करारावर घ्यायचा असेल किंवा आजारपणासाठी निधी साठवायचा असेल, तरच नोंदणी करा. त्यासाठी किमान सात जण लागतात. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि सहसा १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंद होते. मुंबईकरांसाठी धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय वरळीला आहे.

नोंदणीनंतरची कामं मात्र लोक विसरतात. दरवर्षी हिशेब तपासून घ्यावे लागतात. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात तसा बदल अर्ज द्यावा लागतो. तो न दिल्याने कागदोपत्री जुनेच पदाधिकारी राहतात, त्यातले काही हयातही नसतात, आणि बँक नव्यांच्या सह्या मानत नाही. म्हणून निवडणुकीच्या सभेतच बदल अर्जाची जबाबदारी एकाच्या नावावर लिहून ठेवा. बँकेत तीन सह्या द्या, पैसे काढायला त्यांतल्या कोणत्याही दोन.

आजीव सभासदत्व काढू नये असं आम्ही आग्रहाने सांगू. पहिल्या वर्षी रक्कम मोठी दिसते, ती दोन स्नेहसंमेलनांत संपते, आणि पुढे कोणाकडे मागायचं राहत नाही. पस्तीस जणांचे ३०० रुपये वार्षिक म्हणजे १०,५००. भेटीच्या दिवशीचा चहा वेगळा काढला तर एवढ्यात वर्ष निघतं.

प्रश्न : कोजागिरी आणि एक सहल करायची आहे. सगळे साठीच्या पुढचे, काही पंचाहत्तरीचे. काय काळजी घ्यावी?
— निवृत्त परिचारिका, परळ

उत्तर : कोजागिरी रात्री बाराला करू नका, बदलापूरवाल्यांनी घरी जायचं कसं? पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारासच उगवतो, त्यामुळे साडेपाचला जमलात तर सात वाजेपर्यंत तो इमारतींवर दिसूही लागतो. चाळीस जणांना आठ लिटर दूध पुरतं, आटून साडेसहाच्या आसपास राहतं. जाड बुडाचं पातेलं घ्या, आधी त्यात वाटीभर पाणी घालून मग दूध ओता, आणि एक माणूस ढवळायलाच ठेवा. तळाला लागलं की सगळ्या दुधाला वास येतो. साखर घालण्याआधी मधुमेहींचं दूध वेगळं काढा. उरलेल्या दुधाला लिटरमागे ७० ग्रॅम साखर पुरे. बिनसाखरेचं दूध स्टीलच्या पेल्यात आणि गोड दूध कागदी पेल्यात द्या, म्हणजे गडबडीत अदलाबदल होत नाही.

आता सहल. एसटीत ६५ ते ७५ वयाच्यांना निम्मं भाडं आणि ७५ च्या पुढे मोफत, ही सवलत नेहमीच्या फेऱ्यांत मिळते. सगळ्या वयांच्या महिलांनाही निम्मंच भाडं आहे. आधार कार्ड मूळ ठेवा. वीसच्या आत माणसं असतील तर आगाऊ आरक्षण करून नेहमीच्या गाडीने जाणं स्वस्त पडतं. त्याहून जास्त असतील तर आगारात प्रासंगिक कराराचा, म्हणजे अख्खी गाडी भाड्याने घेण्याचा, दर विचारा आणि दोन्ही हिशेब कागदावर मांडून ठरवा.

रेल्वेची ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, पण खालच्या बर्थचा कोटा आहे. त्यात सगळे एक चूक करतात. सहा जणांचं एकच तिकीट काढतात आणि मग पाच जणांना वरचे बर्थ येतात. हा कोटा एकट्या किंवा दोनच पात्र प्रवाशांच्या तिकिटाला लागतो, पुरुष ६० च्या पुढचे आणि महिला ४५ च्या पुढच्या. तेव्हा रत्नागिरीला जायचं असेल तर दोघा-दोघांची तिकिटं काढा. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं.

ठिकाण निवडताना पायऱ्या मोजा. घारापुरीला वर जायला सुमारे १२० पायऱ्या आहेत, आणि लेणी सोमवारी बंद असतात. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोटीने सुमारे तासाभरात पोचता येतं, पुढे अलिबाग. गुडघ्यांना हा प्रवास सोयीचा.

गाडी दर दीड तासाला थांबलीच पाहिजे. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांना थांबता येत नाही. गाडी थांबणार नाही या धास्तीने अनेक जण, विशेषतः बायका, सकाळपासून पाणीच पीत नाहीत, आणि दुपारी चक्कर येते. थांबे आधीच छापून वाटलेत तर ही धास्ती जाते. जेवण एकला म्हणजे एकलाच, कारण इन्सुलिन घेणाऱ्यांना उशीर चालत नाही. इन्सुलिन थंड पिशवीत ठेवा, पण बर्फाला थेट चिकटू देऊ नका, गोठलं की निकामी होतं. प्रत्येकाच्या खिशात नाव, आजार, चालू औषधं आणि घरचा नंबर लिहिलेली चिठ्ठी हवी. मोजदाद जोड्यांनी करा. प्रत्येकाला एक जोडीदार, आणि गाडी सुटताना ‘जोडीदार आहे का?’ एवढंच विचारायचं.

तुम्ही परिचारिका आहात म्हणून एक सुचवतो. दर भेटीला रक्तदाब मोजायचं काम सुरू करा. आधी पाच मिनिटं शांत बसवा, अर्धा तास आधी चहा किंवा तंबाखू नको, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीला, मिनिटभराच्या अंतराने दोन वेळा मोजणी. जिना चढून आलेल्याचा लगेच मोजला तर आकडा चढा येतो आणि माणूस उगाच घाबरतो. आकडा त्याच्या वहीत लिहून द्या. गोळी बदलायचा सल्ला मात्र डॉक्टरांवर सोडा.

प्रश्न : माझे यजमान पाणी खात्यात होते, गेल्या वर्षी वारले. त्यांच्या मंडळाच्या भेटींना मी जाऊ शकते का? मी तर कर्मचारी नव्हते.
— वाचक, विक्रोळी

उत्तर : ताई, जरूर जा. मंडळाच्या नियमात पती-पत्नी दोघं सभासद असावेत आणि एक गेल्यावर दुसऱ्याचं सभासदत्व आपोआप चालू राहावं. तुमच्या मंडळात तसं नसेल तर हे उत्तर त्यांना दाखवा. पहिल्या भेटीला एकटीने जाणं जड वाटेल, म्हणून तुमच्याच मार्गावर राहणाऱ्या एखाद्या बाईंचा नंबर सचिवांकडून घ्या आणि एकत्र जा.

मंडळांनीही लक्षात घ्यावं की तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं असतं, खरी गरज त्यानंतर असते. महिन्याने एक फोन, आणि पहिल्या दिवाळीला दोघांनी घरी जाणं हे सचिवांच्या वहीत लिहिलेलं असावं. कुटुंब निवृत्तिवेतन अडतं ते बहुतेक वेळा नावामुळे. सेवापुस्तकात एक नाव, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं. ही तिन्ही नावं दोघंही हयात असतानाच जुळवून घ्यावीत. एखाद्या भेटीत सगळ्यांना कागद घेऊन बोलवा आणि आस्थापनेत काम केलेल्या सभासदाने ते तपासून द्यावेत.

प्रश्न : हयातीच्या दाखल्यासाठी बोटांचे ठसे उमटत नाहीत. ‘घरबसल्या दाखला’ असे फोनही येतात.
— निवृत्त सफाई कामगार, धारावी

उत्तर : वर्षानुवर्षं झाडू, फावडं आणि जंतुनाशकं हाताळलेल्या बोटांच्या रेषा झिजतात. यंत्राला ठसा मिळत नाही, यात तुमचा काही दोष नाही. हात कोमट पाण्याने धुऊन, पुसून, किंचित खोबरेल चोळून पुन्हा पुसा आणि दुसरं बोट वापरून बघा. तरीही नाही जमलं तर ‘जीवन प्रमाण’ या डिजिटल दाखल्याच्या सरकारी सेवेत चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आहे. तुमच्या पेन्शन विभागाला डिजिटल दाखला चालतो की सही केलेला कागदच लागतो, हे ऑक्टोबरमध्येच विचारून घ्या. नोव्हेंबरची भेट मंडळाने याच कामासाठी राखावी. चांगला फोन असलेले दोघे आणि उजेड असलेली खिडकी एवढं पुरतं. चेहरा उजेडाकडे ठेवा, पाठीमागे खिडकी आली की ओळख पटत नाही.

असे फोन येतील तेव्हा ओटीपी सांगू नका, पाठवलेली लिंक उघडू नका. दाखल्यासाठी पेन्शन विभाग फोनवर ओटीपी मागत नाही. पैसे गेलेच तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेला कळवा, कारण रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी अडवली तरच परत मिळायची शक्यता राहते. हा नंबर मोठ्या अक्षरात लिहून घरातल्या फोनजवळ चिकटवा.