वडील गेल्यावर आईला आमच्याकडं न्यायचंय, जुनं घर पंधरा दिवसांत रिकामं करायचंय, सुरुवात कुठून करू?

तुम्ही विचारलंय की आईला या कामात घेऊ की तिला आधीच तुमच्याकडं नेऊन ठेवू आणि मग गुपचूप घर आवरू. आईला घ्याच. आमचं सोलापूरचं घर मी आणि धाकट्या भावानं असंच रिकामं केलंय, आणि तिला त्रास नको म्हणून लांब ठेवायची हुशारी आम्हीपण केली होती, तिथंच गंडलो.

झालं काय, आई सिद्धेश्वराला गेलेली आणि तेवढ्यात भंगारवाला दारात. न्हाणीघरात तांब्याचा बंब पडून होता, गीझर आल्यापासून कुणी पेटवला नव्हता, खालची जाळी गेलेली, आत राख तशीच, तांब्याला किलोमागं भाव चांगला येत होता, दिला टाकून. आई आली, पाय धुवायला आत गेली, तशीच बाहेर येऊन म्हणाली, "बंब कुठाय रे?" सांगितलं तर एक शब्द बोलली नाही, फक्त रात्री जेवली नाही. सकाळी भाऊ पळत दुकानावर गेला तोवर त्यानं घण घालून तो चेपला होता. पितळेची तोटी तेवढी काढून वेगळी ठेवलेली, ती शंभर रुपये देऊन परत आणली. ती आता पुण्यात देवघराच्या फळीवर असते. का ते मी विचारलेलं नाही.

त्यानंतर पद्धत बदलली. आई खुर्चीत बसणार, आम्ही एकेक वस्तू तिच्यासमोर धरणार, ती सांगेल तसं. वेळ लागतो, मधूनच "कशाला टाकालास रे, चांगलंय की ते" चालू असतं, पण ऐकून घ्यायचं. चादरींचं कपाट उघडलं तर चौतीस चादरी निघाल्या, सगळ्या कोऱ्या! बाबा एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहायचे आणि वर आहेरात आलेल्या, सोलापुरात आहेराला दुसरं देतात काय. आम्ही म्हटलं एकदम देऊन टाकू कुणाला तरी. आईनं घडी उलगडून दाखवली, प्रत्येकीत टाचणीनं चिठ्ठी लावलेली, कुणाकडून आली, कुठल्या कार्यात, म्हणजे चुकून त्याच घरी परत जायला नको. एकीवर लिहिलेलं, "धाकट्या वन्संची वास्तुशांत, रंग उतरतो, कुणाला देऊ नये." हसून हसून पुरेवाट झाली, आणि बाबा गेल्यापासून आई त्या दिवशी पहिल्यांदा हसली. तिला न घेता आवरलं असतं तर हे सगळं आमच्या दृष्टीनं चौतीस चादरी एवढंच होतं.

आता कामाचं. भांड्यांना हात लावायच्या आधी कागद. मृत्यूच्या दाखल्याच्या दहाएक प्रती काढून ठेवा, पासबुकं, एफडीच्या पावत्या, घरपट्टी, सिटी सर्व्हेचा उतारा, गॅसचं कार्ड हे एका पिशवीत आणि ती पिशवी एकाच माणसाकडं. गॅस कनेक्शन सरेंडर केलं की डिपॉझिट परत मिळतं, लोक सिलिंडर शेजाऱ्याला देऊन मोकळे होतात. दहा वर्षं व्यवहार नसलेल्या खात्यातला पैसा रिझर्व्ह बँकेकडं वर्ग होतो पण बुडत नाही, वारसाला मागता येतो, तो शोधायला 'उद्गम' नावाचं पोर्टल 2023 पासून चालू आहे, वडिलांच्या नावानं शोधा. सगळ्या बँका त्यात नाहीत, छोट्या सहकारी बँकेत पासबुक घेऊन स्वतःच जावं लागतं.

आणि डबे, साड्यांच्या घड्या, कॅलेंडरच्या मागचा कागद, सगळं झटकून बघा. आमच्याकडं तूरडाळीच्या डब्यात पाचशेच्या सात जुन्या नोटा निघाल्या, 2016 मध्ये बंद झालेल्या. त्यांचं आता काही होत नाही, दहापर्यंत जवळ ठेवायला कायद्याची हरकत नाही एवढंच, त्यापेक्षा जास्त निघाल्या तर मात्र ठेवू नका. दोन हजाराची निघाली तर फेकू नका हां, ती रिझर्व्ह बँकेच्या ठरलेल्या ऑफिसात पोस्टानं पाठवून खात्यात जमा करता येते.

जुने कपडे बोहारणीला, रद्दी रद्दीवाल्याला, यात डोकं घालवू नका. पाटा-वरवंटा कुणी नेत नाही. लोखंडी खलबत्ता मी आणला, शेंगाचटणी मिक्सरची खायची म्हणजे काय, पण फ्लॅटमध्ये कुटायला घेतलं की खालचे वर येतात. सगळ्यात आधी काय खपलं असेल तर पाण्याचे ड्रम! वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांआड नळ, त्यामुळं घरात माणसं दोन आणि ड्रम, घागरी, पिंप मिळून पंधरा. गल्लीतल्या बायका दुसऱ्या दिवशी सकाळीच येऊन नावं घालून गेल्या.

पंधरा दिवस कमीच आहेत, घर घेणाऱ्याकडं थोडे वाढवून मागा, मागायला काय जातंय. आमचा व्यवहार डिसेंबर अखेरचा ठरलेला, आईनं ऐनवेळी सांगितलं गड्डा, म्हणजे संक्रांतीतली सिद्धेश्वराची अक्षतांची जत्रा, झाल्याशिवाय किल्ली देणार नाही. मला वाटलं आता भांडण होणार. घेणारापण सोलापूरचाच, म्हणाला, "मावशी, अक्षता बघूनच जावा की."