केकचा भाव ठरवताना

अगं, घरी केलेले केक विकायचे तर आधी वजनकाटा घे आणि एक किलोच्या केकला खरंच काय काय लागतं ते लिहून काढ. मैदा, लोणी, क्रीम सगळ्या जणी धरतात. बोर्ड, खोका, पायपिंग बॅग, बटर पेपर, ओव्हनची वीज आणि सामान आणायचं रिक्षाभाडं मात्र राहून जातं.

मग तुझा वेळ, आणि खरी गोम तिथेच आहे. फॉन्डंटचा, म्हणजे साखरेच्या लाटता येणाऱ्या गोळ्याचा, एक गुलाब करायचा तर पाकळी पातळ लाटायची, तिची कड दाबायची, जरा सुकू द्यायची, मगच पुढची लावायची. असे दहा गुलाब किलोच्या भावात बसवूच नकोस. साधा केक किलोवर दे, सजावटीचे पैसे तासावर लाव. पावसाळ्यात दमट हवेने फॉन्डंटला पाणी सुटतं, तेव्हा वेळ आणखी धर.

कोपऱ्यावरच्या बेकरीशी बरोबरी नको. तिथे एकदम ढीगभर स्पंज भाजून निघतात. नात्यातल्यांना सूट जरूर दे, पण आधी पूर्ण भाव सांग, मग कमी कर. निम्मे पैसे आगाऊ आल्याशिवाय क्रीम फेटायला घेऊ नकोस. आणि हो, घरून विकायलाही एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेची, नोंदणी लागते, ती आधी करून घे.