‘नाइन्टीन एटी-फोर’ या कादंबरीमागचा इतिहास केवळ स्टालिनच्या रशियाचा आहे का?

नाही. १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीला रशियाचा मोठा आधार असला, तरी तिची मुळे आधी स्पेनमध्ये शोधावी लागतात. तिथल्या यादवी युद्धात बंडखोर सेनानी फ्रँकोविरुद्ध लढायला गेलेले कादंबरीचे लेखक जॉर्ज ऑर्वेल यांना मे १९३७ मध्ये आघाडीवर गळ्यात गोळी लागली. पुढच्या काही आठवड्यांतच, ज्या डाव्या पक्षाच्या पथकातून ते लढत होते, त्या पक्षाला फॅसिस्टांचा हस्तक ठरवून बेकायदा घोषित करण्यात आले आणि ऑर्वेल यांना पत्नीसह सीमा ओलांडून निसटावे लागले. जिथे चकमकही झाली नव्हती, तिथल्या मोठमोठ्या लढायांची वर्णने त्यांनी त्या काळात वृत्तपत्रांत वाचली. कादंबरीचा नायक विन्स्टन स्मिथ वृत्तपत्रांच्या जुन्या अंकांतला मजकूर बदलत बसतो, त्याचे बीज मला इथेच दिसते.

कादंबरीत भर सभेत शत्रूदेशाचे नाव बदलले जाते, तो प्रसंगही नुसत्या कल्पनेतून आलेला नाही. ऑगस्ट १९३९ मध्ये हिटलर आणि स्टालिन यांचा करार झाला, जून १९४१ मध्ये जर्मनीने रशियावरच आक्रमण केले, आणि दोन्ही वेळा मॉस्कोच्या कलाने चालणाऱ्या ब्रिटिश कम्युनिस्ट पक्षाने युद्धाविषयीची आपली भूमिका उलटी फिरवली.

कादंबरीतले पडझड झालेले, टंचाईने गांजलेले शहर मात्र थेट ऑर्वेल यांच्या लंडनमधून आले आहे. १९४४ मध्ये त्यांचे राहते घर बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाले. आणि ऐन युद्धातही ज्या पावावर रेशन नव्हते, तो ब्रिटनमध्ये जुलै १९४६ मध्ये, म्हणजे विजयानंतर, रेशनवर आला.