कुळथाच्या एका वाणाला कायिक भ्रूण येतात, दुसऱ्याला का नाहीत?

कायिक भ्रूण म्हणजे फलनाशिवाय, झाडाच्या साध्या पेशींपासून तयार होणारे भ्रूण. तुम्ही दापोलीत कुळथाच्या दोन्ही वाणांना पोषक माध्यम एकच दिलंत, तरी फरक पडला, बहुधा कारण ऑक्सिन या वाढीच्या संप्रेरकाच्या हाकेला ओ देणारी जनुकं प्रत्येक वाणात सारखी जागी होत नाहीत. मी टिश्यू कल्चरमध्येच (पेशी-ऊतींपासून प्रयोगशाळेत रोपं वाढवण्याच्या तंत्रात) काम करते. वाणावाणातल्या फरकाचं स्वच्छ उदाहरण मेडिकागो ट्रंकॅट्युला या कुळथाच्याच कुळातल्या वनस्पतीत आहे: जेमालाँग वाणाच्या पानांपासून भ्रूण जवळजवळ येत नाहीत, त्यातूनच निवडलेल्या २एचए वंशात मात्र भरपूर येतात. तिथे ऑक्सिन आणि सायटोकायनिन (पेशीविभाजन वाढवणारं संप्रेरक) मिळाल्यावर एसईआरके१ या जनुकाचं काम वाढतं. इथिलीन या वायुरूप संप्रेरकाला प्रतिसाद देणारं एसईआरएफ१ हे जनुक दाबलं तर भ्रूणनिर्मिती जोरात खुंटते. सोयाबीनमध्ये एजीएल१५ हे जनुक जास्त चालवलं की भ्रूण वाढतात. पण ही जनुकं कुळथात हुबेहूब तशीच चालतील असं धरून चालू नका.

अडलेल्या वाणासाठी पानाऐवजी कोवळ्या शेंगेतली अपक्व बीजदलं (दाण्याच्या कच्च्या डाळिंब्या) लावा. सोयाबीनमध्ये २,४-डी या कृत्रिम ऑक्सिनवर तीच वापरतात. राजगिऱ्यासारखे गुळगुळीत गोल दाणे दिसले की ऑक्सिन काढा, नाहीतर ते भ्रूण पुढच्या, हृदयाकार टप्प्यात जात नाहीत. नुसता पाणचट, मऊ कॅलस (आकार नसलेला पेशींचा गोळा) आला तर तो वाढवत बसू नका.