मशीन पाचशे अंड्यांचं, कोंबड्या तीस

चोपडा तालुक्यातून, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातून एका ताईंचं पत्र आलं आहे. घरी ३० देशी कोंबड्या आणि ३ कोंबडे आहेत. आठवड्याला साधारण ६० अंडी निघतात, बाजारात १२ रुपयांना एक जातं. कापूस विकून १,४०,००० रुपये हातात आलेत. त्यातून सोसायटीचं ९०,००० चं पीक कर्ज भरायचं आहे आणि जूनमध्ये मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशाला ३५,००० लागणार आहेत. अशात एका विक्रेत्याने ५०० अंड्यांचं उबवणी मशीन दाखवलं. रोखीने ४२,०००, नाहीतर महिना ४,१०० चे १२ हप्ते. त्याच्याकडेच १०० अंड्यांचं मशीन ९,५०० ला आहे. ताईंचा प्रश्न असा: सोसायटी तीन-चार महिने थांबवून मोठं मशीन रोखीने घ्यावं, की हप्त्याने?

ताई, दोन्ही नको. सोसायटी वेळेत भरा, मुलीचे पैसे बाजूला काढा, आणि मशीन घ्यायचंच तर लहान घ्या, तेही आत्ता नाही, जुलैत. का ते सविस्तर सांगतो, कारण तुम्ही पत्रात हिशेब मनापासून मांडला आहे आणि त्यात मोठी चूक फक्त दोन ठिकाणी आहे.

तुमचा हिशेब: ५०० अंडी, ८० टक्के फुटली तर ४०० पिल्लं, ३० रुपयांना एक, म्हणजे खेपेला १२,०००. वर्षात २१ दिवसांच्या १७ खेपा, म्हणजे दोन लाखांच्या वर. आता पहिली चूक. ही ५०० अंडी येणार कुठून? उबवायचं अंडं सात दिवसांपेक्षा जुनं असेल तर फुटण्याचं प्रमाण घसरत जातं. म्हणजे मशीन एकदा भरायला एका आठवड्यात ५०० अंडी हवीत, आणि तुमच्या कोंबड्या देतात ६०. मशीन केवढं घ्यायचं हे खुराड्याकडे बघून ठरवायचं, हातातल्या रकमेकडे बघून नाही. आठवड्याच्या आठवड्याला अंडी टाकत गेलात तरी एका वेळी मशीनमध्ये १८० च्या वर अंडी राहणार नाहीत. शिवाय शेवटचे तीन दिवस अंड्यांना ओलावा जास्त लागतो आणि ती फिरवायची नसतात, त्यामुळे वेगवेगळ्या वयाची अंडी एकाच पेटीत ठेवली तर एकाला सोयीचं ते दुसऱ्याला मारक होतं.

विक्रेता म्हणतो, बाकीची अंडी गावोगाव गोळा करा. त्या अंड्यामागे कोंबडा होता का, ते किती दिवसांचं आहे, मोटारसायकलवर किती हादरलंय, यातलं काहीच तुम्हाला कळणार नाही. सातव्या दिवशी अंड्याला उजेड लावून बघाल तेव्हा नस धरलेली किती ते कळेल, पण तोवर पैसे गेलेले असतील. आणखी एक, गिरिराज किंवा वनराज कोंबड्यांची अंडी आणून उबवू नका. त्या संकरित जाती आहेत. त्यांच्या पिल्लांत आईबापांची वाढ आणि अंड्यांचं प्रमाण टिकत नाही. ती पिल्लं गिरिराज म्हणून विकली तर पुढच्या वर्षी गिऱ्हाईक तुमच्या दारात पाय ठेवणार नाही.

दुसरी चूक जास्त महत्त्वाची. घरची अंडी म्हणून तुम्ही अंड्याची किंमत शून्य धरली. बाजारात त्याचे १२ रुपये रोख मिळतात, म्हणून मशीनमध्ये ठेवलेलं प्रत्येक अंडं हा १२ रुपयांचा खर्च आहे. आता तुमच्याच भावांनी ६० अंड्यांचा हिशेब करू. अंडी ७२० रुपयांची. लहान मशीनला २१ दिवसांत तीसेक युनिट वीज, ८ रुपयांनी २५० च्या आसपास. झाले ९७० रुपये. दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा हे तुमचं प्रमाण चांगलं आहे, म्हणून ६० तली ५१ अंडी फळलेली धरू. घरगुती मशीनमध्ये, हात बसल्यावर, त्यातली ७० टक्के फुटतात असं मी धरतो, म्हणजे ३६ पिल्लं. तुमचा ८० टक्क्यांचा आकडा मोठ्या हॅचरीचा आहे, जिथे अंडी निवडून येतात आणि खोलीचं तापमानही यंत्राच्या ताब्यात असतं. ३६ पिल्लं ३० रुपयांनी विकली तर १,०८० येतात. एकवीस दिवस राखण करून हातात उरले ११० रुपये. दोन अंडी कमी फुटली की त्यातले निम्मे गेले.

एक दिवसाचं पिल्लू विकण्यात तुमच्यासारख्या घराला पैसा नाही, हे आधी मनात पक्कं करा. वर ते नाशवंत आहे. पोटातल्या बलकावर पिल्लू दोन-तीन दिवस काढतं, मग खाद्य सुरू. चौथ्या दिवशी न विकलेली ३०० पिल्लं दारात असली तर भाव गिऱ्हाईक ठरवतं.

पैसा थोडाफार आहे तो सहा आठवडे वाढवलेल्या पिल्लात. तुम्ही लिहिलंय की तुमच्या भागात तेवढं पिल्लू ११० ला जातं. सहा आठवड्यांत देशी पिल्लू सव्वा किलोच्या आत खाद्य खातं. लस, औषध, ऊब धरून पिलामागे ५५ रुपये धरा. ३६ पिलांचे १,९८०, अंडी-विजेचे ९७०, एकूण २,९५०. चार पिल्लं मेली असं धरून ३२ विकली तर ३,५२०. उरले ५७० रुपये. वर्षात दहा खेपा केल्या तर ५,७००.

आणि मशीनचा खरा फायदा तुमच्या पत्रात आलाच नाही. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसली की २१ दिवस उबवणीत आणि पुढचे दोनेक महिने पिलांमागे जातात, तोवर ती अंडं देत नाही. अंडी मशीनमध्ये गेली आणि खुडूक मोडली तर ती पुन्हा लवकर अंड्यावर येते. कोंबडीमागे वर्षात एकच जादा डाव, १२ अंड्यांचा, धरला तरी ३० कोंबड्यांची ३६० अंडी, म्हणजे ४,३२० रुपये होतात. दोन्ही मिळून दहा हजारांच्या घरात. ९,५०० चं मशीन वर्षभरात सुटतं. ४२,००० चं याच कोंबड्यांवर चार वर्षांतही सुटत नाही, आणि मधल्या काळात त्याचं हीटर-कंट्रोलर दोनदा तरी बदलावं लागेल.

दोन-तीन कोंबड्यांना मात्र खुडूक राहू द्या. मशीनमधली पिल्लं पहिल्याच रात्री अंधारात तिच्या पंखाखाली सरकवली तर ती बहुधा आपली म्हणून सांभाळते. पिलाला पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंश ऊब लागते, ती डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत बल्बवर देण्यापेक्षा तिच्याकडून मिळालेली स्वस्त.

आता हप्त्याकडे येऊ. ४,१०० गुणिले १२ म्हणजे ४९,२००, म्हणजे वर ७,२००. विक्रेत्याने तुम्हाला ‘सतरा टक्के’ सांगितलं. पण तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत जाता, पूर्ण ४२,००० वर्षभर तुमच्याकडे राहतच नाहीत. घटत्या शिलकीवर हिशेब केला तर हा दर वर्षाला तीस टक्क्यांपर्यंत जातो. बचत गटातून महिना दीड टक्क्याने घेतलं तरी याहून पुष्कळ स्वस्त पडेल.

सोसायटी थांबवणं याहून वाईट. तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज मुदतीत फेडलं तर केंद्राची आणि राज्याची सवलत मिळून व्याज शून्यावर येतं. बिनव्याजी पैसा शेतकऱ्याला दुसरीकडे कुठेच मिळत नाही. मुदत चुकली की ती सवलत गेली, आणि त्याहून मोठं नुकसान म्हणजे खात्याचं नवं-जुनं, म्हणजे जुनं फेडून नवं कर्ज उचलणं, अडतं. जूनमध्ये कापसाच्या बियाण्याला, खताला पैसा लागेल तेव्हा तुम्ही सावकाराच्या नाहीतर कृषी केंद्राच्या उधारीवर याल. कोंबड्यांच्या नफ्यातून तो खड्डा भरणार नाही.

९०,००० आणि ३५,००० गेल्यावर हातात १५,००० राहतात. ते मशीनमध्ये घालू नका. घरात दवाखाना निघाला तर तेवढाच आधार आहे. मशीनचे पैसे कोंबड्यांनाच कमवू द्या. आज मार्चअखेर आहे. जुलैच्या सुरुवातीपर्यंत १४ आठवडे होतात. ६० अंडी १२ रुपयांनी आठवड्याला ७२० देतात. उन्हाळ्यात अंडी कमी होतील, काही घरात खाल्ली जातील, तरी सात-आठ हजार वेगळ्या डब्यात साठतील. उरलेले दीड ते अडीच हजार गटातून घ्या.

जुलैच का, तर आपल्या उन्हाळ्यामुळे. अंड्याला ३७.५ अंश लागतं, आणि घरगुती मशीन फक्त तापवतं, थंड करत नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ वर जातो. पत्र्याखालची खोली याहून तापते. अशा वेळी हीटर बंद असला तरी अंडी आतल्या आत शिजतात. साठवलेल्या अंड्यांचंही तेच. विशीच्या वर तापमान गेलं की अंड्यातला जीव अर्धवट हलू लागतो आणि मशीनमध्ये जाण्याआधीच दगावतो. एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत मशीन बंदच ठेवायचं आहे, मग आत्ता घेऊन ते कोपऱ्यात का ठेवायचं? वर्षाच्या १७ खेपांचा हिशेब इथेही तुटतो.

घेताना १२ व्होल्टच्या बॅटरीवरही चालणारं बघा. आपल्याकडे लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही आणि इन्व्हर्टर घ्यायला गेलात तर तो मशीनपेक्षा महाग पडेल. तास-दोन तास लाइट गेली तर मशीन उघडू नका, वरून गोधडी टाका, अंडी तग धरतात. मशीनच्या आकड्यावर विसंबू नका. आत वेगळा थर्मामीटर ठेवून पडताळा. अर्ध्या-एक अंशाच्या फरकानेही फुटण्याचं प्रमाण घसरतं. जळगावजवळ ममुराबादला कृषी विज्ञान केंद्र आहे, मशीन घेण्याआधी एकदा तिथे जाऊन विचारा.

विक्रेत्याच्या आणखी दोन गोष्टी तुम्ही लिहिल्यात. एक, ‘पन्नास टक्के सबसिडी मिळेल.’ राष्ट्रीय पशुधन अभियानात हॅचरीला ५० टक्के अनुदान आहे, २५ लाखांपर्यंत आहे, हे खरं. पण ते उबवणीची अंडी देणाऱ्या निदान १,००० मूळ कोंबड्यांच्या प्रकल्पाला. घरच्या मशीनला नाही. दोन, ‘सगळी पिल्लं आम्हीच परत घेऊ.’ २०१९ मध्ये सांगली भागात कडकनाथच्या परतखरेदीच्या कराराने शेकडो शेतकऱ्यांचे पैसे अडकले. परत घेणारा माणूस मशीन विकणाराच असेल तर त्या शब्दावर एक रुपयाही लावू नका.

जोखमीबद्दल स्पष्ट बोलतो. नवापूरला २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू निघाला आणि २०२१ मध्ये पुन्हा निघाला. त्या वेळी बाधित भागातल्या परसातल्या कोंबड्याही मारल्या गेल्या. भरपाई पक्ष्यामागे मिळते, मशीनच्या हप्त्यामागे नाही. रोखीने घेतलेलं लहान मशीन असेल तर अशा वर्षी तुम्ही फक्त थांबाल. हप्ता असेल तर रिकाम्या खुराड्यावर दर महिन्याला ४,१०० भरत बसाल. राणीखेत रोग तर दरवर्षीचाच. पिलांना पाचव्या ते सातव्या दिवशी त्याची लासोटा लस चुकवू नका. बाटली शंभर-दोनशे डोसांची येते आणि एकदा विरघळवली की दोन तासांत संपवावी लागते, म्हणून शेजारच्या दोन-तीन घरांनी मिळून एकाच दिवशी लस द्या, खर्च वाटला जाईल.

खेपा बाजाराकडे बघून लावा. श्रावणात आणि नवरात्रात कोंबडं विकलं जात नाही, पण आषाढाच्या शेवटी मागेल तो भाव मिळतो. देशी नर पाच महिन्यांत विकण्यासारखा होतो, म्हणजे आषाढासाठीची अंडी जानेवारीत मशीनमध्ये जायला हवीत. सातपुड्यातल्या आदिवासींच्या, होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारासाठी पिल्लं ऑक्टोबरात फुटलेली हवीत. या दोन खेपांतले नर सहा आठवड्यांना विकू नका, मोकळे चरू द्या. तलंगांतल्या, म्हणजे अंड्यावर यायच्या तरुण माद्यांतल्या, चांगल्या निवडून ठेवा. तीसच्या साठ कोंबड्या झाल्या की मग मोठ्या मशीनचा विषय काढता येईल.

एक वही करा. प्रत्येक खेपेला किती अंडी ठेवली, सातव्या दिवशी किती फळलेली निघाली, किती फुटली, बेचाळीसाव्या दिवशी किती जिवंत आणि किती रुपयांना गेली, एवढंच लिहा. पुढच्या मार्चमध्ये ती वही आणि कोंबड्यांचा आकडा मला पाठवा. सलग तीन खेपांत ६० पैकी ३६ च्या खाली पिल्लं आली नसतील आणि कुठलीही खेप उधारीत अडकली नसेल, तर दुसऱ्या मशीनचा हिशेब आपण मिळून करू.