परदेशातल्या शिक्षकांच्या तुलनेत आपल्याकडे पगार आणि वर्गातल्या सोयी खरंच इतक्या कमी आहेत का?

मुंबईतल्या एका अनुदानित मराठी शाळेत मी प्राथमिक शिक्षिका आहे, बावीस वर्षं झाली. अशी तुलना करताना बरेच जण अमेरिकेतला पगार रुपयांत करून आपल्याशी ताडून पाहतात. तो गुणाकार आधी बाजूला ठेवा. पगार त्या-त्या देशाच्या दरडोई उत्पन्नाशी लावून बघा.

अमेरिकेत शिक्षकाला वर्षाला सरासरी 70,000 डॉलरच्या आसपास मिळतात आणि तिथलं दरडोई उत्पन्न 80,000 च्या वर आहे. आपल्याकडे सातव्या वेतन आयोगात प्राथमिक शिक्षकाचं मूळ वेतन 29,200 पासून सुरू होतं. महागाई भत्ता आणि मुंबईचा घरभाडे भत्ता धरला की महिन्याला पन्नास हजारांच्या वर जातं. देशाचं दरडोई उत्पन्न मात्र वर्षाला दोन लाखांच्या आसपास. या हिशेबात आम्ही कायम शिक्षक अमेरिकेच्या पुढे आहोत. ते मान्य करायलाच हवं.

पण शाळेत माझ्यासोबत जी दुसरी शिक्षिका आहे ती शिक्षण सेवक. पहिली तीन वर्षं मानधन. मी लागले तेव्हा ते 3,000 होतं, 2023 पासून 16,000 झालं. वर्षाचे 1,92,000. बदलापूरहून पहाटेची लोकल पकडून येते, माझ्याइतकेच तास घेते. विनाअनुदानित शाळांत दहा-बारा हजारांवर राबणारेही माझ्या ओळखीत आहेत. मला तर दोन देशांतल्या फरकापेक्षा एकाच शिक्षक खोलीतला हा फरक जास्त खुपतो.

सोयींचंही तसंच. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक. आमचा पहिली ते चौथीचा पट 57, म्हणून संचमान्यतेत, म्हणजे पटावरून सरकार शिक्षकांची पदं ठरवतं त्यात, पदं दोन. कागदावर प्रमाण उत्तम! प्रत्यक्षात मी तिसरी आणि चौथी एकाच खोलीत शिकवते. तिसरीला पाढे लिहायला लावून चौथीला अपूर्णांक. पट फारच घसरला तर दोघींतली एक अतिरिक्त, म्हणजे जादा, ठरू शकते. न्यू जर्सीत शिकवणाऱ्या माझ्या मावसबहिणीच्या वर्गात 22 मुलं आहेत, सगळी एकाच इयत्तेची. फरक तिथे आहे.

तिलाही रंग, कागद, टिश्यू स्वतःच्या पैशाने आणावे लागतात, हे ऐकून मी चकित झाले होते. तिथे त्यासाठी शिक्षकांना करात ठरावीक मर्यादेपर्यंत वजावट मिळते. आपल्याकडे तशी वेगळी वजावट नाही. गेल्या वर्षी झेरॉक्स, कार्डशीट आणि गणितपेटीतल्या हरवलेल्या मण्यांवर माझे चार हजार गेले.

फिनलंडमध्ये शिक्षकाला पदव्युत्तर पदवी लागते, पण पगार काही जगात सर्वाधिक नाही. तिथे पुस्तकं, वह्या, पेन्सिली शाळा देते आणि दुपारचं जेवण 1948 पासून मोफत आहे. तुलना करायचीच तर पगाराच्या शेजारी हा रकानाही ठेवा: त्या पगारातून वर्गासाठी किती जातात.